वर्तुळाचा आठवडा

मास्तरांचा घसा बसला तो रविवारी दुपारी, आणि तोही अगदी फालतू वाक्यावर. "टॉवेल कुठं ठेवलास?" असं ते न्हाणीघरातून ओरडायला गेले, तर 'टॉवेल' तेवढा बाहेर पडला आणि 'कुठं ठेवलास' आतच राहिलं. पुन्हा तोंड उघडलं, तर नळाला पाणी नसताना येतो तसा नुसता फुस्स आवाज आला.

बायको दवाखान्यात परिचारिका होती. तिने मास्तरांना खिडकीपाशी उभं केलं, जबडा उघडायला लावला, टॉर्च मारला आणि निकाल सांगून टाकला. "शनिवारपर्यंत एक शब्द नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. कुजबुजलास तर आवाज कायमचा घोगरा होईल, मग मुलं तुला बघून रडतील."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. घोगऱ्या आवाजाचं त्यांना एवढं नव्हतं. पण उद्यापासून बालवर्गात वर्तुळाचा आठवडा होता! चार-साडेचार वर्षांची सतरा मुलं, पाच दिवस, आणि शुक्रवारी आईबाप बघायला येणार. मास्तरांनी त्यासाठी सात कडव्यांचं गाणं रचलं होतं. पिवळ्या कार्डशीटचं भलं मोठं वर्तुळ स्वतःच्या हाताने कापून भिंतीवर लावलं होतं. आता ते गाणं म्हणणार कोण?

बायकोने मुख्याध्यापिकांच्या घरी फोन लावला. त्यांना सगळी शाळा 'मोठ्या बाई' म्हणायची. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे माणूस नाही हो. एक बाई बाळंतपणाच्या रजेवर, दुसरीला गालफुगी. कुणीतरी बोलणारं माणूस बरोबर पाठवा, बाकी मास्तर खुणांनी बघून घेतील."

बायकोने फोन ठेवला आणि जरा विचार करून म्हणाली, "बाबांना विचारू या?"

मास्तरांनी मान इतक्या जोरात हलवली की मानेतही काहीतरी बसलं.

त्याला कारण होतं. सासरे टर्नर होते. म्हणजे कारखान्यात लेथ मशीनवर उभं राहून लोखंडाचे गोल भाग कातायचे, असं अडतीस वर्षं. पंपात बसणारी कडी, दांडे, चकत्या. केसाच्या जाडीएवढा फरक पडला तरी माल बाद. अशा माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट थोडी वाकडी दिसते. लग्नाआधी पहिल्यांदा भेटले, तेव्हा त्यांनी मास्तरांना विचारलं होतं, "करता काय आपण?"

"लहान मुलांना शिकवतो."

"काय शिकवता?"

"गाणी, रंग, आकार..."

"बरं बरं. आणि काम?"

त्याला सहा वर्षं झाली, पण मास्तर ते विसरले नव्हते. आता सासरे निवृत्त होऊन आठ महिने झाले होते आणि हाताला काम नसल्यामुळे ते सगळ्या इमारतीचा पिच्छा पुरवत होते. शेजाऱ्यांच्या दारांच्या बिजागऱ्या, जिन्याचा कठडा, टपालपेटीचं झाकण, सगळं त्यांनी न सांगता सरळ करून टाकलं होतं.

मास्तर खुणा करेपर्यंत बायकोने फोन लावलासुद्धा. "बाबा, ह्यांच्या वर्गात आठवडाभर जाल का? ह्यांचा आवाज गेलाय."

"विषय काय?"

"वर्तुळ."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग सासरे म्हणाले, "वर्तुळ," आणि ते अशा आवाजात म्हणाले की जणू जुन्या मित्राचा पत्ता लागला. "किती दिवस आहेत?"

"पाच."

"पाच दिवसांत सगळं नाही होणार. पण पाया घालून देतो."

*

सोमवारी सकाळी सासरे हजर झाले ते इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन आणि हातात लाकडी पेटी घेऊन. मास्तरांच्या गळ्यात दोरीने अडकवलेली पाटी होती, म्हणजे सांगायचं ते लिहून दाखवता यावं. मोठ्या बाईंनी मुलांना समजावलं, "आपल्या मास्तरांचा आवाज गेलाय बरं का."

"कुठं गेला?" एका मुलीने विचारलं. ही रोज वरच्या ओठावर दुधाची मिशी घेऊन शाळेत यायची, म्हणून तिला सगळे मिशीच म्हणत.

"येईल परत शनिवारी."

"एकटाच गेलाय?"

"हे आजोबा शिकवतील हां," म्हणत मोठ्या बाई सटकल्या.

सासऱ्यांनी पेटी टेबलावर ठेवली, मुलांकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. पिवळ्या कार्डशीटपाशी त्यांची नजर अडकली.

"हे काय आहे?"

"गोऽऽल!" सतराच्या सतरा ओरडले.

"पहिली गोष्ट. गोल म्हणजे चेंडू. कागदावर असतं ते वर्तुळ. म्हणा."

"वलतुळ." "वर्तूक." "वतुर्ळ."

"वर्तुळ!" मागून एवढ्या मोठ्याने आवाज आला की खिडकीची काच थरथरली. हा भोंगा. त्याला हळू बोलता यायचं नाही, घरी शेजारीसुद्धा त्याला त्याच नावाने ओळखत.

"शाबास. आता दुसरी गोष्ट." सासऱ्यांनी पेटीतून स्टीलची टेप काढली, खुर्चीवर चढले आणि कार्डशीट उभं मोजलं. "बेचाळीस." आडवं मोजलं. "एक्केचाळीस, वर दोन रेषा. म्हणजे हे वर्तुळही नाही."

मिशीने विचारलं, "मग काय आहे?"

सासऱ्यांनी चष्मा पुसला. "बटाटा."

त्यानंतर जे हसू फुटलं ते आवरायला दहा मिनिटं लागली. मुलं जमिनीवर लोळली. "बटाटा! मास्तरांनी भिंतीवर बटाटा लावलाय!" मास्तरांनी खडू उचलून पाटीवर लिहिलं: 'बाबा, मुलं चार वर्षांची आहेत!' आणि पाटी सासऱ्यांसमोर धरली.

सासऱ्यांनी ती हातभर लांब धरून वाचली. "'मुलं... चार वर्षांची... आहेत.' अगदी बरोबर बोललात जावईबापू. हात वळणावर आणायचे ते ह्याच वयात."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. इतर वेळी त्यांनी चार शब्द सुनावले असते. आता सुनावायला शब्द होते, पण त्यांना बाहेर यायला वाट नव्हती.

सासऱ्यांनी दोन खोकी मांडली. एक वर्तुळांचं, एक बटाट्यांचं. मग पेटीतून व्हर्निअर काढलं. स्टीलच्या पट्टीला दोन चोची, त्यातली एक सरकणारी. "ह्या चोचीत वस्तू धरायची. घट्ट नाही, सैल नाही, नुसती टेकेल अशी. आता चोच हलवायची नाही. वस्तू फिरवायची. सगळीकडून तशीच टेकली तर वर्तुळ. कुठं अडकली नाही तर खुळखुळली, की..."

"बटाटा!"

बाटल्यांची बुचं आली, शर्टाची बटणं आली, खेळण्यातल्या गाडीची चाकं आली, डब्यांची झाकणं आली. मुलं रांगेत उभी राहिली. चिमुकल्या बोटांनी बटण धरायचं, जीभ बाहेर काढून ते फिरवायचं, चोचीकडे डोळे लावायचे. बटणं पास झाली. गाडीची तीन चाकं पास, एक नापास. भोंग्याच्या डब्याचं झाकण पास झालं, तेव्हा त्याने ते शेजारच्या वर्गालाही ऐकवलं.

मास्तर भिंतीला टेकून बघत होते आणि त्यांना एक गोष्ट सलत होती. वर्गात शांतता होती. ओरडून आणलेली नव्हे, आपोआप आलेली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. अकरा मिनिटं झाली होती. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत हा वर्ग सलग अकरा मिनिटं गप्प बसला नव्हता.

मधल्या सुटीत बिस्किटं तपासायला घेतली. एकही पास होईना. "नापास माल ठेवायचा नसतो," सासरे म्हणाले, "खाऊन टाकायचा." ह्या नियमावर वर्ग इतका खूश झाला की आजोबा पक्के झाले.

दुपारी गाणं आलं. मास्तरांनी सातही कडवी लिहून आणली होती. सासऱ्यांनी कागद हातात घेतला आणि कारखान्यातली सूचना वाचावी तसं वाचायला सुरुवात केली. "'ताट गोल, वाटी गोल, आकाशातला चंद्र गोल.' चंद्र मी कालच बघितलाय. अर्धा होता." पुढे सरकले. "'अंडं गोल, भांडं गोल...'" ते थांबले. चष्म्यावरून मास्तरांकडे बघत म्हणाले, "अंडं? जावईबापू, अंडं?"

यमक जुळत होतं, म्हणून घातलं होतं. पण हे पाटीवर लिहून सांगण्यासारखं कारण नव्हतं.

*

मंगळवारी सकाळी मोठ्या बाई फाटकातच उभ्या होत्या, हातात कागद. "आठ तक्रारी. आठ! आणि आठवड्याचा एकच दिवस झालाय."

एका मुलाने रात्रीचं जेवण ताटात घ्यायला नकार दिला होता, कारण ताट नापास होतं. मिशीने बापाच्या टकलाभोवती दोरी गुंडाळून मोजमाप घेतलं होतं आणि भर पाहुण्यांत निकाल जाहीर केला होता. भोंग्याने बसमध्ये चालकाला सांगितलं होतं की तुमचं स्टिअरिंग बटाटा आहे, आणि ते ऐकून दोन प्रवासी पुढच्याच थांब्यावर उतरले होते. एका मुलीने घरी नुकत्याच आणलेल्या तान्ह्या भावाचं डोकं तपासून त्याला परत करायला सांगितलं होतं.

"डोकं महिन्याभरात गोल होतं," सासरे म्हणाले. "घाई करायला नको."

मोठ्या बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी आकाशाकडे पाहिलं.

त्या दिवशी मास्तरांनी कामाचा कागद आधीच लिहून सासऱ्यांच्या खिशात घातला होता: 'आज मुलं हाताने वर्तुळं काढतील. पेन्सिल, कागद. साधन नाही.' सासऱ्यांना ते पटलं नव्हतं, पण त्यांनी मुलांना कामाला लावलं आणि स्वतः हात मागे बांधून बाकांमधून फिरू लागले. कारखान्यात असेच फिरत असणार.

"नापास. नापास. हे काय, पेरू आहे का? नापास. हा माल बरा जमलाय, पण नापास."

बाकीची मुलं हसत होती. 'पेरू'वाला तर मुद्दाम आणखी पेरू काढायला लागला. पण खिडकीजवळ एक मुलगी बसायची, तिला मास्तर मनातल्या मनात रबर म्हणायचे. ती जेवढं काढायची त्याच्या दुप्पट खोडायची. तिने अर्धं वर्तुळ काढलं, खोडलं. पुन्हा काढलं, खोडलं. सासरे तिच्यापाशी आले, वाकले आणि म्हणाले, "नापास." तिने पुन्हा खोडायला घेतलं आणि कागद टर्रकन फाटला.

ती रडली नाही. पेन्सिल बाकाच्या कडेला सरळ ठेवली आणि म्हणाली, "मला नाही काढायचं वर्तुळ. कधीच."

हे मास्तरांनी ऐकलं. कित्येक महिने ते ह्या एका गोष्टीसाठी झटत होते, की ह्या मुलीने खोडायचं थांबवावं. ते उठले. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी गळ्यातली पाटी काढून टेबलावर आपटली. असा फटाका वाजला की भोंगासुद्धा गप्प झाला. मग त्यांनी खडू उचलला, सासऱ्यांच्या हातात कोंबला आणि फळ्याकडे बोट केलं.

"मी?" सासरे म्हणाले.

मास्तरांनी मान हलवली.

"आजोबा काढा! आजोबा काढा!"

सासऱ्यांनी बाह्या सारल्या. "बघा हं." फळ्यासमोर उभे राहिले, हात उंच नेला आणि एका दमात रेघ फिरवली. मग दोन पावलं मागे सरकून पाहिलं.

खिडकीजवळून बारीक आवाज आला. "बटाटा."

सासऱ्यांनी पुसलं आणि दुसरं काढलं. ते खाली बसकं झालं. तिसऱ्याची दोन टोकं एकमेकांना भेटलीच नाहीत. चौथं बरं सुरू झालं आणि डावीकडे फुगलं. पाचवं तर सरळसरळ पेरू होतं. मुलं हसून हसून बाकांखाली गेली.

खोटं कशाला सांगू, मास्तरांना पहिलं एक मिनिट फार बरं वाटलं. सहा वर्षांचं सगळं फिटलं. पण दुसऱ्या मिनिटाला त्यांचं लक्ष सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे गेलं. म्हातारा स्वतःच्या तळहाताकडे बघत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"अडतीस वर्षं," ते हळूच म्हणाले, मुलांना नाही, मास्तरांनाही नाही. "फिरायचं ते मशीन. मी नुसता हत्यार धरून उभा."

मास्तरांना काहीतरी म्हणावंसं वाटलं. काय म्हणायचं ते माहीत नव्हतं, त्यामुळे घसा बसलेला होता ते बरंच झालं.

रबर जागेवरून उठली. तिने फाटका कागद उलटा केला, त्याचा धड भाग वर येईल असा, आणि तो सासऱ्यांपुढे धरला. "आजोबा, खोडायचं नाही. मास्तर सांगतात, खोडायचं नाही, शेजारी दुसरं काढायचं." मग जरा थांबून म्हणाली, "मला ते जमत नाही. तुम्हाला जमतंय का बघा."

सासरे तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले. खुर्ची वीतभर उंच, त्यामुळे गुडघे कानाला लागले. तिने त्यांना आपली पेन्सिल दिली आणि दुसरी स्वतः घेतली. मधली सुटी होईपर्यंत दोघं एकाच कागदावर बटाटे काढत होती, एकाशेजारी एक. मास्तरांनी लांबून मोजले, एकूण तेवीस भरले. त्यात एकही खोडलेला नव्हता.

*

संध्याकाळी सासरे घरी आले. चहा घेतला, कपात दोनदा डोकावून पाहिलं आणि मग विचारलं, "ती पोरगी माझ्यामुळे म्हणाली ना, कधीच काढणार नाही म्हणून?"

मास्तरांनी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'हो.'

"एवढं ठळक लिहायची गरज नव्हती," बायको म्हणाली.

"असू दे गं पोरी. बरोबर आहे त्यांचं." सासऱ्यांनी कप खाली ठेवला. "मला वाटायचं, हा माणूस दिवसभर टाळ्या वाजवतो आणि संध्याकाळी दमलो म्हणतो. आज मी सहा तास त्या खोलीत होतो. माझी कंबर धरली, डोकं धरलं, आणि एका मुलाने माझ्या खिशात केळं ठेवलंय ते मला आत्ता घरी आल्यावर कळलं."

मास्तर हसले, पण आवाज येऊ नये म्हणून उशीत तोंड घालून. मग त्यांनी पाटी पुसली आणि बराच वेळ लिहीत राहिले. सासऱ्यांनी ती दिव्याखाली नेली. "'तपासायचं कसं ते मुलं तुमच्याकडून शिकली. मला ते इतक्या वर्षांत सुचलं नाही. पण आधी काढू द्या, मग तपासा. आणि तपासायचं त्यांनीच.'"

वाचून झाल्यावर त्यांनी पाटी उलटी करून मागे काही आहे का तेही पाहिलं. "हे चालेल," ते म्हणाले. "मग शुक्रवारचं काय करायचं? आईबाप येणार, त्यांना बटाटे दाखवायचे?"

मास्तरांनी खांदे उडवले.

सासरे येरझाऱ्या घालू लागले. "लेथवर माल फिरतो, माणूस उभा. आपण उलटं करू. मध्य उभा, माणसं फिरतील. अंगणात एक दोरी घ्यायची. एक टोक मधे, दुसऱ्या टोकाला खडू. दोरी ताणलेली ठेवून चाललं की झालं. मशीन नको, काही नको."

बुधवारी अंगणात पहिला प्रयत्न झाला. मध्यावर भोंग्याला उभं केलं. त्याच्या पायाला मुंगी चावली आणि मध्य ओरडत पाण्याच्या टाकीपर्यंत पळाला. मग मिशीला उभं केलं. तिला फुलपाखरू दिसलं. अंगणात जी आकृती उमटली तिला बटाटा म्हणणं हा बटाट्याचा अपमान होता.

"सरा बाजूला," सासरे म्हणाले. "एका जागी उभं राहण्यात मला कुणी हरवणार नाही." ते मध्यावर उभे राहिले, दोरीचं टोक गुडघ्याला बांधलं. मुलं एकामागून एक खडू घेऊन फिरली, दोरी ताठ, सासरे खांबासारखे. आणि तरी गडबड झाली. मुलं पुढे जात होती तशी दोरी सासऱ्यांच्या पायांभोवती गुंडाळत होती आणि आखूड होत होती. रेघ आत आत वळली आणि सुरुवातीच्या टोकाला भेटण्याऐवजी जिलबीसारखी स्वतःच्याच पोटात शिरली.

"आजोबा गुंडाळले! आजोबा गुंडाळले!"

सासऱ्यांचे दोन्ही पाय बांधले गेले होते. त्यांना सोडवायला मास्तर धावले आणि सोडवता सोडवता त्यांना काहीतरी सुचलं. त्यांनी कोपऱ्यातला झाडूचा दांडा आणला, दोरीच्या टोकाला सैल फास केला, तो दांड्यात अडकवला आणि दांडा सासऱ्यांच्या हातात उभा दिला. मग दुसरं टोक धरून स्वतः एक चक्कर मारली. फास दांड्याभोवती आपोआप फिरत राहिला. दोरी तेवढीच राहिली.

सासरे त्या फासाकडे बघत राहिले. "जावईबापू," ते म्हणाले, "आत दांडा उभा, बाहेर कडं फिरतं, हे बेअरिंग आहे! तुम्ही मला बेअरिंग सांगताय?" आणि मास्तरांच्या पाठीत अशी थाप मारली की आवाज असता तर तो बाहेर पडला असता.

*

शुक्रवारी मोठ्या बाईंनी अंगणात खुर्च्यांच्या सरळ रांगा लावल्या होत्या. मुलांनी आल्या आल्या त्या वर्तुळात मांडून टाकल्या. आईबाप आले, टकलाचं मोजमाप झालेले गृहस्थ टोपी घालून आले, तान्हं बाळही आलं. मास्तरांची बायको दवाखान्यातून थेट आली, गणवेशातच, आणि नवऱ्यावर डोळा ठेवून पुढे बसली.

सासरे मध्यावर दांडा धरून उभे राहिले. खडू कुणी धरायचा हे मुलांनी आधीच ठरवलं होतं. रबर पुढे झाली. तिने दोरी ताणली, जमिनीवर खडू टेकवला, आणि निघाली.

ती फार हळू चालत होती. मागे वळून बघत नव्हती. पाव भाग झाला, अर्धा झाला. तेवढ्यात एक वडील फोनवर चित्रण करत करत मागे सरकले आणि नेमके रेघेच्या वाटेवर येऊन उभे राहिले. रबर थांबली. दोरी न सोडता म्हणाली, "काका, तुम्ही वर्तुळावर उभे आहात."

"कुठं आहे वर्तुळ?" त्यांनी खाली पाहिलं. तिथं अजून रेघ नव्हतीच.

"येतंय," ती म्हणाली.

ते बिचारे टुणकन उडी मारून बाजूला झाले.

रेघ सुरुवातीपाशी आली तेव्हा बोटभर अंतर राहिलं होतं. सगळ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं. सासरे दांडा तिथंच भोंग्याच्या हातात देऊन आले, गुडघे टेकून वाकले, ते अंतर पाहिलं. त्यांचा हात खिशाकडे गेला, जिथं व्हर्निअर होतं. तो तिथंच थांबला. "तू तपास," ते रबरला म्हणाले.

तिने भोंग्याला दांडा ताठ धरायला सांगितलं आणि दोरी घेऊन पुन्हा सगळीकडे फिरली, जागोजागी ताणून, खाली बघत. आईबाप खुर्च्यांच्या कडेला आले. शेवटी ती परत आली आणि म्हणाली, "सगळीकडे पास. इथं माझा पाय घसरला, इथं थोडं नापास." आणि खोडलं नाही. बोटभर जागा तशीच सोडून ती मिशीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

मग सगळी मुलं रेघेवर उभी राहिली, त्यांनी आईबापांनाही ओढून आणलं आणि गाणं सुरू झालं. सासरे बेसूर होते, पण तालात पक्के. चंद्राच्या ओळीला त्यांनी 'पौर्णिमेचा' असा शब्द स्वतःहून घुसवला आणि चाल मोडली. पुढच्या कडव्याला ते थबकले, एकदा मास्तरांकडे पाहिलं आणि छाती भरून म्हणाले, "अंडं गोल!"

"भांडं गोल!" असा एक चिरका, फाटका आवाज रेघेच्या दुसऱ्या बाजूने आला. तो मास्तरांचा होता. त्यांनी चटकन तोंडावर हात ठेवला. बायकोने तिकडूनच बोट दाखवलं: घरी चल, मग बघते. मिशी मात्र आनंदाने किंचाळली, "आला! मास्तरांचा आवाज आला!" आणि तो कुठं गेला होता ह्याची चौकशी करायला धावली.

पांगापांग झाल्यावर मोठ्या बाई सासऱ्यांजवळ आल्या. तक्रारींचा कागद त्यांच्या हातात होता, पण घडी घातलेला. "पुढचा आठवडा त्रिकोणाचा आहे," त्या म्हणाल्या. "मास्तरांचा घसा अजून नाजूक आहे. याल का?"

सासरे ओशाळले. "बाई, त्रिकोणातलं मला ओ की ठो कळत नाही. लेथवर त्रिकोण होत नाही."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती सासऱ्यांची पेटी आवरत होती, तिचं लक्ष नव्हतं. "मग याच," ते घोगऱ्या आवाजात, शक्य तितक्या कमी शब्दांत म्हणाले. "मुलांनाही कळत नाही."

"किती वाजता?"

"नऊ."

"म्हणजे पावणेनऊ," सासरे म्हणाले, आणि मास्तरांच्या शर्टाची वाकडी कॉलर दोन बोटांनी सरळ करून पेटी उचलायला गेले.